अमावस्येचा विन्येट

टोलनाक्यावर माणसाला घाम फुटतो हे मी आयुष्यभर पाहिलं, पण टोलनाक्यालाच घाम फोडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मुलीच्या सासऱ्याच्या रूपात आमच्या घरात आला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई सेलूकडचे. वांगी, मेथी, टमाटे पिकवायचे आणि आपल्या जुन्या जीपमध्ये भरून बाजारोबाजार न्यायचे, हा त्यांचा धंदा. पण त्यांचं खरं प्रेम भाजीवर नव्हतं, रस्त्यावर होतं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. समुद्रपूरच्या स्टँडवर उभं राहून हजारो ड्रायव्हर माझ्या नजरेखालून गेले. त्यातला एकही रस्त्याबद्दल इतक्या आदराने बोलल्याचं मला आठवत नाही. लोक देवळापुढून जाताना हात जोडतात. इवाई नवा डांबरी रस्ता लागला की हात जोडायचे, आणि तेही स्टेअरिंगवरचे दोन्ही.

टोल द्यायला त्यांचा कधीच विरोध नव्हता. त्यांचा विरोध होता मुकाट्याने टोल देण्याला. पैसे घेणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे कोणाच्या घरी जेवून, हात धुऊन, न बोलता निघून जाण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. त्यामुळे जाम गावाच्या पुढे टोलनाका लागला की ते काच खाली करत, खिडकीतल्या मुलीला गाव विचारत, तिच्या मामाचं गाव विचारत, आणि त्यातलं एक तरी गाव त्यांच्या ओळखीचं निघत असे. मग मागच्या पोत्यातून चार वांगी तिच्या खिडकीत जात. मागे ट्रकांची रांग लागे, हॉर्न वाजत. एकदा मी म्हणालो, "इवाई, मागचे लोक शिव्या देऊन राह्यले." ते शांतपणे म्हणाले, "देऊ द्या. त्यायले घाई हाय, आपल्याले ओळख हाय."

पुढे फास्टॅग आला आणि खिडकीतली मुलगी दिसेनाशी झाली. इवाई आठवडाभर सुतकात असल्यासारखे वागले. नंतर त्यांनी त्यावरही तोड काढली. सगळं जग तो टॅग काचेवर चिकटवतं. इवाईंनी तो चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवला. नाका आला की गाडी हळू करायची, डबी उघडायची, टॅग दोन बोटांत धरून काचेला आतून लावायचा आणि वरच्या यंत्राकडे असं पाहायचं, जशी नवरदेवाच्या बापाने आमंत्रणपत्रिका दाखवावी. दांडी वर गेली की यंत्राला नमस्कार. "काचेले चिकटवलं का त्याची मुंडी अडकली," ते सांगत. "खिशात असलं म्हणजे माहीत असते, आपल्यापाशी हाय." त्यांची ही डबी दोन तालुक्यांत प्रसिद्ध होती. पुढे जे झालं त्यावर लोकांनी चटकन विश्वास ठेवला, तो या डबीमुळेच.

माझी मुलगी आणि जावई जर्मनीत राहतात. त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे इवाईंना, मला आणि माझ्या बायकोला, उन्हाळ्यात बोलावलं. विहीणबाई, म्हणजे इवाईंची बायको, फार पूर्वीच गेलेल्या. आता तिकडे जायचं म्हणजे लोक स्वेटर घेतात, लोणची बांधतात. इवाईंनी वर्ध्याला आरटीओत खेटे घालून बाहेरदेशी गाडी चालवायचं परमिट काढलं. नंतर मुलाला फोनवर रोज तासभर पिडून तिकडच्या टोलची सगळी शास्त्रं शिकून घेतली, आणि सेलूच्या बाजारात, भाजीच्या ढिगामागे बसून, कोणी विचारो न विचारो, ती समजावून सांगायला लागले.

"पाहा, जर्मनीत लहान गाडीले टोलच नाई," ते सुरू करत. "फ्रान्स, इटलीत आपल्यासारखे नाके. जेवढा रस्ता तेवढा पैसा. म्हणजे पोत्यामागं हमाली. पण ऑस्ट्रियात तसं नाई. तिथं विन्येट. विन्येट म्हणजे बाजारातली बैठकीची पावती. एकदा फाडली का दिवसभर बसा, कोणी उठवत नाई. तशी दहा दिवसाची घ्या, दोन महिन्याची घ्या, वर्षाची घ्या. काचेले लावा आन् फिरा." गिऱ्हाईक मेथीची जुडी पुढे करून भाव विचारी. "थांब जरा. स्वित्झर्लंडात फक्त वर्षाचीच भेटते, एक दिवस जा नाईतं रोज जा. हंगेरीत कागदच नाई, गाडीचा नंबर कम्प्युटरात. आन् काही बोगदे, काही डोंगराचे रस्ते असे हायेत का विन्येट असली तरी तिथं वेगळे पैसे." गिऱ्हाईक म्हणे, "काका, मले हिंगणघाटले जायचं हाय." त्यावर इवाई जुडी हातात देत आणि म्हणत, "जाजो. पण माहीत असलेलं बरं."

त्यांची इच्छा एवढीच होती, की त्या रस्त्यावर एकदा स्वतः गाडी चालवावी. तास नाही, अर्धा तास. जावयाचा स्वभाव नियमाचा. तो आधी नाहीच म्हणाला. पण परमिट पाहिल्यावर त्याने कबूल केलं, की ऑस्ट्रियात तळ्याकाठचा मोकळा रस्ता लागला की दुपारी जेवणानंतर चाक बाबांच्या हातात. त्या दिवशी सकाळी इवाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, परमिट खिशात ठेवून, सगळ्यांच्या आधी गाडीपाशी उभे होते. लग्नाला निघालेला नवरदेवही इतका वेळेवर नसतो.

आता जे सांगतो ते मी आजवर चारचौघांत सांगितलं नव्हतं. सरहद्दीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर जावयाने दहा दिवसांचा विन्येट घेतला, पुढच्या सीटवर बसलेल्या इवाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, हा काचेवर लावून ठेवा, मी आलोच." मुलगीही त्याच्यासोबत चहाकॉफी आणायला गेली. इवाईंनी कागद सोलायला नख लावलं, तोच मागून माझी बायको म्हणाली, "इवाई, आज अमावस्या हाय. नवीन वस्तू आज गाडीले लावू नका. आज देवापाशी ठेवा, उद्या लावजा."

इवाईंना नियम पाठ होता. चिकटवला नाही तर तो विन्येट नाहीच, हे त्यांनी अख्ख्या सेलूला सांगितलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "इहीनबाई, चिकटवा लागते." ती म्हणाली, "हाव जी, उद्या चिकटवू न. एका दिवसानं काय होते? लेकरं रोज या गाडीत फिरतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत अमावस्येच्या बाबतीत मी तिच्याशी कधी जिंकलो नव्हतो, आणि इवाई तर आपल्या विहीणबाईंना, म्हणजे माझ्या बायकोला, दुसऱ्यांदा नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला. तिने पिशवीतल्या छोट्या करंड्यातलं कुंकू बोटाने त्याला लावलं आणि पुढे वाकून तो डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पायाशी ठेवला. जावई आला, पट्टा लावता लावता म्हणाला, "लावला न बाबा?" इवाई म्हणाले, "हाय समोर." ते खोटं बोलत नव्हते. समोरच होता.

तपासणीवाले पहिल्याच विश्रांतीच्या जागी भेटले. गणवेशातली एक बाई आली, तिने काचेकडे बोट दाखवलं. इवाईंनी गणपतीच्या पायाशी हात घातला, विन्येट उचलला आणि दोन बोटांत धरून, जामच्या नाक्यावर टॅग दाखवतात अगदी तसा, काचेला आतून लावून दाखवला. बाईंनी मान हलवली. चिकटवलेला नाही, म्हणजे नाही. दंड झाला, तो जावयाने भरला, आणि गाडीत येऊन बसल्यावर त्याचा चेहरा असा झाला होता, की माझ्या मुलीने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"बाबा, मी सांगून गेलो होतो न? काऊन नाही लावला?"

माझी बायको पुढे सरकली. "जावईबापू, ते मीच..."

"मीच नाई लावला," इवाई मध्येच म्हणाले, जरा मोठ्यानेच. "गावची सवय. चिकटवलं का मले चैन पडत नाई. तुले तं माहीत हाय, माही डबी."

"आणि हे कुंकू?"

"तेही मीच लावलं."

आयुष्यात देवाला उदबत्ती ओवाळताना ज्यांचा हात दोनदा भाजला आणि तेव्हापासून ज्यांनी ते काम सोडलं, ते इवाई हे म्हणाले. जावयाने खरं मानलं. कसं मानणार नाही? डबी त्याने लहानपणापासून नाही, पण प्रत्येक सुट्टीत पाहिली होती. तो एवढंच म्हणाला, "ज्याले इथला नियम पाळता येत नाही त्यानं इथं गाडी चालवू नये. दुपारचं राहू द्या." इवाई म्हणाले, "बरोबर हाय." दंडाच्या पावतीवर गाडी उद्यापर्यंत चालणार होती, तेव्हा तो सुटा विन्येट त्यांनी परमिटाशेजारी खिशात ठेवला. जेवणानंतर तो तळ्याकाठचा रस्ता लागला. एका बाजूला निळं पाणी, समोर एकही गाडी नाही, रस्ता असा की पापड वाळत घालावेत. इवाई बाजूच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसले होते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. माझी बायको रुमालाने चष्मा पुसत होती, आणि तो पुसून होत नव्हता.

परत आल्यावर गोष्ट पसरायला किती वेळ लागणार? डबीवाल्याला ऑस्ट्रियात दंड झाला. लग्नात पंगतीला बसले की कोणीतरी विचारणारच, "काका, चिकटवून बसले न खुर्चीले?" इवाई स्वतः सगळ्यांत आधी हसत. मीही हसायचो. एकदा तर मीच ती गोष्ट रंगवून सांगितली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमी सांगत काऊन नाई हो लोकायले? माह्यासाठी त्या माणसानं आपली हौस सोडली." मी म्हणालो, वेळ पाहून सांगतो. इवाईंना विचारलं तर ते म्हणाले, "राहू द्या. माह्या पोराच्या मनात त्याची सासू मोठी राह्यली पाह्यजे. बापाचं काय, बाप तं तसाही येडाच असते." हे उत्तर मला सोयीचं होतं, म्हणून मी ते घेऊन बसलो. वेळ पाहत राहिलो. गेल्या हिवाळ्यात बायको गेली.

तेरवीला मुलगी आणि जावई आले होते. मंडळी पांगल्यावर अंगणात मी जावयाला पेट्रोल पंपापासून सगळं सांगितलं. तो पंपावरच्या कॉफीचा कप हातात असावा तसा रिकामा हात धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तो बापाची जीप धूत होता. धुऊन झाल्यावर किल्ली इवाईंच्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसला. म्हणाला, "बाबा, जामपर्यंत चला. तुम्हीच चालवा. मामाजी, तुम्हीही बसा."

मी मागे बसलो. माझ्या शेजारची जागा मोकळी होती. इवाईंनी गाडी अशी चालवली, की मांडीवर पाण्याचा तांब्या असता तर हिंदकळला नसता. मुलगा रस्त्याकडे कमी आणि बापाच्या हातांकडे जास्त पाहत होता. नाका आला, तेव्हा मी सवयीने डबीची वाट पाहिली. डबी निघाली नाही. सुटे टॅग आता चालत नाहीत म्हणून इवाईंनी तो अखेर काचेला चिकटवला होता. दांडी वर गेली. इवाईंनी यंत्राला नमस्कार केला. मग माझं लक्ष गेलं. टॅगच्या खाली, थोडा तिरपा, तो ऑस्ट्रियाचा विन्येट लावलेला होता. त्यावर कुंकवाचं बोट अजून दिसत होतं, फिकट.

"हा कधी लावला, इवाई?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या जागेकडे.

"परवा," ते म्हणाले. "उद्या लावजा म्हणे त्या. राहूनच गेलतं."