खालचं टिंब, वरचं टिंब

नागपूरहून गाडीत बसलो तेव्हा बॅगेत दोन सदरे, एक भिंग आणि नको तेवढा उत्साह होता. आक्कांचं पुस्तक छापायला जाणार होतं आणि त्याआधी शेवटची प्रुफं मला नजरेखालून घालायची होती. आक्का म्हणजे माझ्या कोल्हापुरातल्या कॉलेजच्या दिवसांतल्या गाण्याच्या बाई. मला गाणं बेताचंच आलं. पुढे मी अक्षरं काढण्याच्या, म्हणजे फॉन्ट बनवण्याच्या धंद्यात पडलो. आक्कांनी उतारवयात स्वतःच्या चिजा बांधल्या, स्वरलिपीत लिहिल्या, आणि त्यांना छापायला नीट अक्षर हवं म्हणून मला बोलावणं आलं.

स्वरलिपीत सगळा खेळ टिंबांचा असतो. स्वराखाली टिंब असेल तर तो खालच्या सप्तकातला (मंद्र), वर असेल तर वरच्या सप्तकातला (तार), काहीच नसेल तर मधला. साध्या फॉन्टमध्ये खालचं टिंब कोमल स्वराखालच्या आडव्या रेघेवर आपटतं आणि वरचं ‘नि’च्या वेलांटीत हरवतं. या दोन टिंबांशी मी कितीतरी महिने झटापट केली. ती ठळक केली, सुटी केली, आक्कांच्या अधू डोळ्यांना दिसतील अशी केली. टिंबांसाठी कोणी एवढं झुरतं का, असं बायको म्हणायची.

कोल्हापूरच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“कुठनं आलासा पावणं?”

“नागपूर. प्रेसमध्ये जायचंय.”

“आरारारा! मग आदी खावा कायतरी. प्रेस कुठं पळून जात न्हाय.”

त्याने सरळ मिसळीच्या दुकानापुढे रिक्षा लावली. आम्ही जिला तर्री म्हणतो तिला इथे कट म्हणतात, आणि मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात. तर्रीवर वाढलेला मी, तरी दुसऱ्या वाटीला नाकाडोळ्यांतून पाणी आलं. “झेपतंय न्हवं?” असं विचारून त्याने स्वतःच माझ्या ताटलीत आणखी कट ओतला. त्या दिवशी मी शेवटचा हसलो तो तिथे.

मंगळवार पेठेतल्या प्रेसचे मालक बाबुराव माझी वाटच बघत होते. त्यांच्याशेजारी चष्मा पुसत मास्तर बसले होते. मराठीचे निवृत्त शिक्षक, प्रेसची सगळी प्रुफं तेच वाचतात.

“बसा की पावणं. एक चूक घावली तर सांगा. मास्तरांनी दोनदा वाचलंय,” बाबुराव म्हणाले.

मी पहिलं पान उघडलं. पान इतकं स्वच्छ दिसत होतं की क्षणभर माझ्याच अक्षराचा मला अभिमान वाटला. मग काय खटकतंय ते लक्षात आलं. पानावर स्वर होते, रेघा होत्या, तालाच्या खुणा होत्या. सुरांच्या ओळींत एकही टिंब नव्हतं. दुसऱ्या पानावर नव्हतं. शेवटच्या पानावरही नव्हतं.

“टिंबं कुठे गेली?”

“ती व्हय?” मास्तरांचा चेहरा खुलला. “काय सुळसुळाट होता हो! खालची टिंबं हिंदीत चालतात, आपल्या मराठीत खाली टिंब नसतंय. आणि वर जुन्या वळणाचे अनुस्वार. ‘नांव’, ‘कांहीं’ लिहायचे ना, तसले. ‘सां’ काय, ‘रें’ काय! सगळे काढून टाकले. चिजेच्या शब्दांतले मात्र तपासून ठेवले.”

टाइप करणाऱ्याला नवा कळफलक शिकायला नको म्हणून ही टिंबं मी अनुस्वाराच्या आणि नुक्त्याच्या नेहमीच्याच कळांवर ठेवली होती. त्यामुळे ती काढणंही सोपं गेलं. सगळी एका दमात निघाली.

“जुनी फाइल असेल ना?”

“त्यातच केलं की,” बाबुराव म्हणाले. “दोन-दोन फायली ठेवल्या की घोटाळा व्हतोय. आदीची प्रुफं बी रद्दीत गेली.”

टिंबांचा अर्थ मी सांगितला तेव्हा मास्तर खुर्चीत खचले. “मला कुणी सांगितलंच न्हाय वो,” एवढंच म्हणाले. खरंच कोणी सांगितलं नव्हतं. रागवायला समोर धड माणूससुद्धा नाही, याचीच मला जास्त चीड आली.

आक्कांच्या हातची पानं टाइप झाल्यावर परत गेली होती. तेव्हा त्या नदीकाठच्या गावी राहत. पुढच्याच पावसाळ्यात घरात पुराचं पाणी शिरलं आणि पानांचा लगदा झाला. त्या चिजा आक्कांनी कोणाला शिकवल्या नव्हत्या. पुस्तक आलं की सगळ्यांनाच मिळतील, म्हणायच्या. त्यानंतर त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. आता चिजा होत्या त्या फक्त आक्कांच्या डोक्यात. प्रुफं काखोटीला मारून मी जयसिंगपूरची एसटी धरली. पुरानंतर बिऱ्हाड तिथे हललं होतं.

रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागे गाडी इतका वेळ रखडली की शेजारच्या काकांनी माझी सगळी चौकशी करून घेतली.

“आजारी माणसाला भेटायला निघालायसा आन् रिकाम्या हातानं? केळी तरी घ्या की!”

हातकणंगल्याला केळी घ्यायला उतरलो तर गाडी हलली. काकांनी आतून पत्रा बडवून ती थांबवली. धावत चढताना निम्मी केळी चेंगरली.

आक्का खिडकीपाशी खुर्चीत होत्या. उजवं अंग लुळं, पण मला बघून डोळे चमकले. त्यांच्या सुनेला, सुनंदावहिनींना, मी सगळं सांगितलं. मग आक्कांसमोर बसून म्हटलं, “आक्का, मी एकेक ओळ गातो. चुकलो तर डाव्या हाताने थांबवा. बरोबर असेल तर मान हलवा.”

रागाच्या चालीवरून निम्मीअधिक टिंबं कोणालाही लावता येतात. पण तिथे आक्का नसतात. सगळे वर जातील तिथे ही बाई खुशाल खाली उतरायची आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा. ती उतरण्याची जागा टिंबातच होती.

पहिली ओळ गायलो. आक्कांनी मान हलवली. दुसऱ्या ओळीलाही हलवली. माझा आवाज फाटका, पण आशेने अंगावर काटा आला. तिसरी ओळ वर जाऊन संपवली. मान हलली. मग शंका आली म्हणून तीच ओळ खाली उतरून संपवली. पुन्हा तसंच हसू आणि तशीच मान. शेवटी मुद्दाम भलताच स्वर लावला. आक्कांनी डोळे मिटून दाद दिली.

“आता सगळ्यालाच मान हलवत्यात,” वहिनी हळूच म्हणाल्या. “जेवता का म्हटलं तरी, नको का म्हटलं तरी. तुमी गायलासा ना, त्येचंच बरं वाटलं त्यांना.”

मला रडू आवरलं नाही. आक्का माझ्याकडे बघत मान हलवतच होत्या.

जैन घर. दिवस मावळायच्या आत वहिनींनी पान वाढलं. भाकरी, पावट्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी. तेवढ्यात बाबुरावांचा फोन आला. “मास्तर म्हणत्यात, तुमी अंदाजानं टिंबं सांगा. त्ये सोत्ता बसून घालत्यात.”

अंदाजाने घातली असती तर पुस्तक व्यवस्थित दिसलं असतं, कोणाला कळलंही नसतं. आणि आक्कांच्या नावाखाली जन्मभर माझी गाणी गायली गेली असती.

“नको,” मी म्हणालो. “आहे तसं छापा. टिंबं हरवली आहेत, एवढं पहिल्या पानावर लिहा.”

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. अक्षरं घडवणाऱ्याला वाटतं, एकदा छापलं की टिकलं. मलाही तसंच वाटायचं. गेल्या आठवड्यात पुस्तक पोस्टाने नागपूरला आलं. दार लावून घेतलं आणि पहिली चीज मोठ्याने गायलो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी खाली उतरलो. बरोबर की चूक, हे सांगणारं आता कोणी नाही.