धोंडबांचा खोकला

राजदीप मेश्राम कुम्हारीच्या एका कंपनीत कंप्युटर सांभाळतो आणि रविवारी आमच्या संस्थेत फुकट राबतो. पस्तिशीचा, मितभाषी माणूस. सेक्टर 2 मध्ये विहाराला लागून आमचं वाचनालय आहे, त्याची मी सचिव. शाळेतून निवृत्त झाले, पण माझ्या जिभेवरची छडी काही सुटली नाही.

विदर्भातून येऊन ज्यांनी इथला, दुर्गजवळचा पोलादाचा प्लांट उभा केला, अशा एकेचाळीस म्हाताऱ्यांच्या आठवणी राजदीपनं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या. काही सहा घरांतल्या पेन ड्राइव्हवर, काही इंटरनेटवरच्या एका फुकट खात्यात. त्या खात्याचा पासवर्ड आमचे आधीचे ग्रंथपाल वारले तो त्यांच्याबरोबरच गेला; खातं परत उघडून घेताना नाकी नऊ आले. तेव्हा राजदीप म्हणाला, "मॅडम, आपलं सामान दुसऱ्याच्या घरी कावून ठेवाचं? आपला क्लाउड आपनच बांधू."

एका कॉलेजनं मोडीत काढलेले तीन कंप्युटर त्यानं आणले. त्यांवर लिनक्स आणि तसलंच, कोणालाही वापरता येणारं आणि आतून उघडून पाहता येणारं सॉफ्टवेअर घातलं. तिन्ही यंत्रं मिळून एका कपाटासारखी वागणार, प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती तीन ठिकाणी राहणार, एक यंत्र मेलं तरी काही हरवणार नाही. मला एवढंच कळलं, आणि तेवढंच मी भर सभेत ऐटीत सांगितलं. उद्घाटन भीमजयंतीला, हेही मीच परस्पर ठरवून टाकलं.

घाई माझी आणि निस्तरायचं त्यानं. चाळीस आवाज आत गेले. एकेचाळिसावा धोंडबा रामटेकेंचा राहिला. धोंडबा दोन वर्षांपूर्वी वारले. बोलताना सारखे खोकत, म्हणून राजदीपनं ते रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर ठेवलं होतं. खोकला कापून, साफ करून मग आत घालायचं. तिसरं यंत्र जोडायला कोरी डिस्क हवी होती. घाईत त्यानं यादीतून नेमकी धोंडबांची डिस्क निवडली आणि पुसू का, या प्रश्नाला हो म्हटलं. मूळ प्रतही तिच्यातच होती. आठवडाभर जंग जंग पछाडलं, हाती आली ती नुसती खरखर.

धोंडबांची बायको गयाबाई दर रविवारी वंदना झाली की वाचनालयात येत आणि हेडफोन लावून नवऱ्याचं बोलणं ऐकत. राजदीपनं माझ्याजवळ चूक कबूल केली, तेव्हा मी म्हटलं, "उद्घाटन होईस्तोवर त्यांना सांगू नकोस." याची मला आजही लाज वाटते.

मग तो दर रविवारी सांगू लागला, "आजी, काम चालू हाय." गयाबाई म्हणत, "होऊ दे बाबू," आणि हेडफोन मांडीवर घेऊन तिथंच बसून राहत.

माणूस खंगत चालला. यंत्रांच्या पंख्यांतून त्याला खोकला ऐकू यायला लागला. "मॅडम, आयकू येते का? पयले दोनदा, मंग थांबून एकदा." मी म्हटलं, धूळ अडकली असेल. भरदुपारी पंखे पुसून घेतले, आणि पुसलेले पंखे सुरू झाले तेव्हा मलाही तो ऐकू आला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई मी, भुताखेतांचं नाव काढलं तर पोरांना ओरडणारी. पण त्या दिवसापासून मी त्या खोलीत एकटी गेले नाही.

जयंतीच्या आधीच्या रविवारी त्याला राहवेना. गयाबाई खुर्चीत बसल्या, तसा तो त्यांच्यासमोर फरशीवर बसला.

"आजी, आबाचा आवाज माह्या हातानं पुसल्या गेला. आता तो कुठंच नाई."

गयाबाईंनी यंत्रांच्या हिरव्या दिव्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "तीन जागी ठेवतेत म्हनलं होतं ना, मॅडम?"

त्यांनी राजदीपला विचारलं, "तूनं किती डाव आयकलं होतं ते?"

"साफ कराले घेतलं होतं. चाळीस-पन्नास डाव."

"मंग बोल."

खाली बघत तो धोंडबांच्याच चालीवर बोलू लागला. "दुर्गच्या टेशनावर उतरलो. एक पेटी, आन् संगं नवी नवरी. चालत इकडं आलो, तं चहूकडं रान. हे बाई म्हने, कारखाना कुठं हाय? मी म्हनलो, अवो, तो आपल्यालेच बांधाचा हाय. मंग..."

गयाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"इथं ते खोकलतेत," त्या म्हणाल्या. "पयले दोनदा. मंग थांबून एकदा."

राजदीपनं माझ्याकडे पाहिलं. मग तो दोनदा खोकला, थांबला, आणि पुन्हा एकदा.

गयाबाईंनी मांडीवरचा हेडफोन टेबलावर ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता फुडं सांग."