चिऊचा डावा हात

मैत्रिणींनो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहून राहिली.

माझ्या चार वर्षांच्या चिऊला एक्झिमा आहे. खाण्यानं वाढतो असं समजून चार महिन्यांपासून मी तिची अंडी, शेंगदाणे, मासोळी सगळं बंद केलं. तरी आज उठून पाहते तं डाव्या हातावर पाण्याचे फोड, डोळा सुजलेला.

काल शेजारणीनं झिंग्यांची वाटी दिली होती. मी सरळ सासूबाईंवर धावली. "आई, तुमीच तिले झिंगे चारले." गल्लीतल्या बायका दारात येऊन ऐकत होत्या.

"नाही वं माय. मी तं फक्त मलम लावलं."

पवनीहून भंडाऱ्याला डॉक्टरांकडे जाताना बसमध्ये मी चिऊला घेऊन आईंपासून दूर बसली.

डॉक्टरांनी दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले. उजवा हात जवळपास बरा होता. त्याला काय लावता, त्यांनी विचारलं.

आई म्हणाल्या, "काहीच नाही जी. ट्यूब सरत आली, म्हणून आठ दिवस डाव्यालेच लावून राहिली."

डॉक्टर म्हणाले, एखाद्या लेकराला स्टेरॉइडच्या मलमाचीच अॅलर्जी असते; तोच हात डोळ्याला लागला की डोळाही सुजतो. ते मलम बदलून दिलं, नागपूरला तपासणी सांगितली. खाणं मनानं बंद करू नका म्हणाले.

त्याआधी तं हात जास्त लाल दिसला की मीच मलम जास्त चोळायची.

परतताना मी आईंना विचारलं, "मासोळी रांधू का आज?"

"रांध. मीबी चार महिने खाल्ली नाही. लेकरू पाहत राहते तं घास उतरत नाही."

गल्लीभर ऐकू गेलेल्या बोलण्याची माफी घरात मागून पुरते का?