उत्तर स्थिर झालं नाही

जळगावच्या ज्या ऑफिसात मी ठिबकचे आराखडे करते, तिथला मुख्य प्रोग्रॅम माझ्या आधीच्या इंजिनिअरने लिहिलेला आहे. त्यांना सगळे नाना म्हणत. मी रुजू झाले तेव्हा ते सोडून गेलेले होते. आमच्या मालकांना आम्ही भाईजी म्हणतो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "ताई, त्या प्रोग्रॅमवर नजर ठेवा. माणूस चिडून गेलाय. जाताना आत काहीतरी करून ठेवलं असणार."

संशय हा असा एकदा कानात पडला की निघत नाही. त्यातून त्या प्रोग्रॅमची भाषा चिन्हांची. दुसरीकडे पानभर लागेल ते इथे अर्ध्या ओळीत मावतं. शेतातल्या सगळ्या नळ्यांचे दाब एकत्र द्या, एकच चिन्ह सगळ्यांवर एकदम चालतं. एकेक नळी घेऊन फेऱ्या मारायची गरज नाही. पण एका ठिकाणी फेऱ्या चुकत नाहीत. दाबावर प्रवाह ठरतो आणि प्रवाहावर पुन्हा दाब. म्हणून अंदाजाने सुरुवात करायची, आलेलं उत्तर परत आत घालायचं, आणि ते बदलेनासं झालं की थांबायचं. नानांनी हे सगळं एका ओळीत बसवलं होतं. ती ओळ मला पूर्ण कळत नव्हती. न कळणाऱ्या गोष्टीत माणूस काय वाटेल ते दडवू शकतो, असं मला वाटायचं.

मग भडगावच्या एका केळीवाल्या आबांचा फोन आला. त्यांचं शेत गिरणा नदीकडून वर चढत जाणारं. विहीर खाली, केळी वर. आमच्या आराखड्याप्रमाणे नळ्या टाकल्या होत्या.

"ताई, शेवटला पट्टा कोरडा शे," ते म्हणाले. "तुमना कागद खोटा शे, का मनी जमीन?"

मी जाऊन पाहिलं. खालची केळी तरारलेली, वरच्या पट्ट्याची पानं मधोमध फाटून लोंबत होती. कागदावर मात्र तिथला दाब अगदी पुरेसा.

ऑफिसात परत आल्यावर मी ती ओळ चिन्ह-चिन्ह सुटी करून वाचायला घेतली. उत्तर बदललं नाही तर थांब, हे होतंच. पण त्याच्या शेजारी आणखी एक अट होती: ठरलेल्या फेऱ्या संपल्या तरी थांब. हेही गैर नव्हतं. नाहीतर न जुळणाऱ्या हिशेबापायी मशीन फिरतच राहील. गैर होतं ते पुढे. दोहोंपैकी कशामुळे थांबलो, हे प्रोग्रॅम सांगतच नव्हता. हातात जे असेल ते खरं उत्तर म्हणून छापून देत होता.

मी आबांच्या शेतासाठी एक फेरी वाढवून पाहिली. वरच्या पट्ट्याचा दाब धाडकन खाली आला. आणखी एक वाढवली, पुन्हा वर. उत्तर जुळतच नव्हतं, नुसतं झोके घेत होतं, आणि झोका वर असताना नेमका कागद छापला गेला होता. सपाट शेतात हे कधी घडलंच नसतं.

मला भाईजींचं बोलणं खरं वाटू लागलं. एवढा हुशार माणूस, आणि ही गोष्ट सांगायला विसरेल?

रविवारी मी एसटीने धुळ्याला गेले. नाना देवपुरात राहतात. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी ऑफिसचं नाव सांगितलं.

"भाईजींनी पाठवलं का?"

"नाही नाना. माझी मीच आले."

"फोन बंद करून तिथे ठेव." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. मी ठेवला. लॅपटॉप त्यांनी उघडूच दिला नाही. मी तोंडीच सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत होते माझ्या हातांकडे.

"फेऱ्या संपून थांबलं तर कागदावर लाल ओळ यायची," ते म्हणाले. "'उत्तर स्थिर झालं नाही.' मी घातली होती."

"आता नाहीये."

"मग काढली असेल कोणी. त्यांना विचार."

पण त्या ऑफिसात ही भाषा दुसऱ्या कोणाला येते? मी विचारलं नाही, पण ते चेहऱ्यावर दिसलं असावं. ते उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

मला फाटकापर्यंत सोडायला नानांच्या पत्नी, अक्का आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ती लाल वळ यास्नीच काढी दिधी, बाई. गिऱ्हाईक घाबरतस म्हने, शेठनी काढाले लाई. काढी दिधी, नि दुसरा दिनथून कामवर गयातच नही."

बसमध्ये मला नानांचा राग यावा की कीव, हे कळेना. भाईजींबद्दल मात्र काही शंका उरली नव्हती: ओळ त्यांनीच काढायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी मी दोन कामं केली. दर फेरीला नवं उत्तर जसंच्या तसं न घेता जुन्या-नव्याच्या मधलं घ्यायला लावलं. झोके निवाले आणि आबांच्या शेताचं उत्तर जुळलं. वरच्या पट्ट्याला दाब खरोखरच पुरत नव्हता, तिथे जाड पाइप हवा होता. आणि ती लाल ओळ मी परत घातली.

नेमक्या त्याच आठवड्यात एका डोंगरउताराच्या शेताचा कागद लाल ओळ घेऊन निघाला. भाईजींनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"धुळ्याला गेला होतात तुम्ही?"

"हो."

"हे वाक्य काढा."

"भडगावला पाइप बदलायचाय, भाईजी. हे वाक्य असतं तर बदलावा लागला नसता."

"मी काढा म्हटलं."

"प्रोग्रॅम उघडा आहे," मी खुर्ची मागे सरकवली. "तुम्ही काढा."

ते स्क्रीनवर वाकले. त्या चिन्हांकडे बराच वेळ बघत राहिले. मग कागद उचलून केबिनमध्ये गेले.

आबांचा पाइप बदलला गेला, पाणी वर पोचलं. माझी नोकरी अजून आहे. पण हल्ली भाईजी दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. स्क्रीनवर नजर ठेवून असतात. मी टाइप करत राहते.