भिंतीतली मावशी

बालवाडीतली मुलं तिला शू-मावशी म्हणायची आणि तिला त्यात कसलाही कमीपणा वाटत नसे. कागदोपत्री ती मदतनीस होती, पण 'मदतनीस' म्हणून कुणी हाक मारली असती तर तिने वळूनसुद्धा पाहिलं नसतं. बावीस वर्षं तिचं एकच काम. तीन ते पाच वर्षांच्या पोरांना बाथरूमला न्यायचं, बसवायचं, उठवायचं, हात धुवायला लावायचं आणि चड्डी सरळ करून वर्गात परत धाडायचं. लोकांना हे काम हलकं वाटतं. वाटू दे. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मधल्या सुट्टीनंतर अठ्ठावीस पोरांची रांग सांभाळून दाखवावी आणि मग बोलावं.

ती पाच भावंडांत थोरली. आई दिवसभर कामावर, त्यामुळे धाकट्या चौघांना सवयी लावल्या त्या हिनेच, आणि तेव्हा ती स्वतः जेमतेम दहा वर्षांची होती. तिथेच तिला एक गोष्ट कळली. पुढे ती तिने कुणाला शिकवली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मुलाकडे टक लावून बघत बसलं की मूल अडतं. बघायचं नाही, ऐकायचं. म्हणून ती बाथरूमच्या दाराशी बुटक्या स्टुलावर आतल्या पोराकडे पाठ करून बसे आणि भलत्याच गप्पा मारी. काल घरात शिरलेली मांजर, नवऱ्याचा हरवलेला चष्मा, काय वाटेल ते. कान मात्र आत. कोण खरंच बसलंय, कोण नुसतंच नळाशी खेळतंय, कोण रडू दाबतंय, सगळं तिला पाठमोरी बसूनही कळे. प्रत्येकाला तिने एक नाव ठेवलेलं असे. वाटाणा, इंजिन, वकीलसाहेब. भिंतीच्या कडेकडेने चालणारी, चार वर्षांची एक बारीक पोरगी होती, ती मुंगी.

"अजून बस बाळा, घाई नाही," हे तिचं पहिलं वाक्य. आणि काहीच झालं नाही तर दुसरं, "नाही होत ना? मग ऊठ. नंतर बघू." तिचा सगळा कारभार या दुसऱ्या वाक्यावर चालायचा. इथे हरायला परवानगी आहे हे एकदा पोराला कळलं की ते हरत नसे.

मग अस्वलं आली.

निळ्या प्लास्टिकची, ताटाएवढ्या तोंडाची. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रत्येक सीटसमोरच्या भिंतीवर एकेक बसवून घेतलं. सीटखाली सेन्सर. मूल बसलं की अस्वलाचे डोळे पिवळे होणार आणि ते बोलायला लागणार. काम झालं की डोळे हिरवे, मग शाब्बासकी, मग पाणी टाक, साबण लाव, वीसपर्यंत मोज. मूल मधेच उठलं तर डोळे लाल. पहिल्या दिवशी अस्वलातून बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा एक आवाज निघाला आणि निम्मी पोरं भोकाड पसरून बाहेर पळाली. मावशीला मनातून बरं वाटलं. खोटं कशाला बोला!

"मावशी, आपण तुमचाच आवाज घालू या," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं तुमचं ऐकतात."

झालं, मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्याच दिवशी सामानाच्या खोलीत चादरी टांगून, अस्वलं बसवून गेलेला मशीनवाला माइक घेऊन बसला. माणूस सभ्य होता, पण घाईचा. वाक्यं सुटी सुटी बोलायची, म्हणाला, आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही, सगळ्यांना बाळा. मावशीला काही केल्या जमेना. समोर बसलेल्या माणसाला 'अजून बस बाळा' कसं म्हणणार? शेवटी ती भिंतीकडे तोंड करून बसली, त्याने मागून माइक धरला, आणि मग आवाज असा आला की तो बिचारा दोन क्षण बटण दाबायचं विसरला. तेवीस वाक्यं झाली.

"अहो, एक राहिलं की," मावशी म्हणाली. "नाही होत ना, मग ऊठ, नंतर बघू."

"ते नको, मावशी. तेवढीच पळवाट धरतील पोरं." तो वायर गुंडाळत होता. "आणि मशीनला कुठे कंटाळा येतो? ते थांबेल की."

तिला ते पटलं नव्हतं, पण शिकलेल्या माणसासमोर आपण गप्प बसतो तशी ती गप्प बसली. हीच तिची चूक.

त्याच संध्याकाळी मोठ्या बाईंनी गोड बातमी दिल्यासारखं सांगितलं, की पुढच्या वर्षापासून मावशीला आराम. फाटकावर खुर्ची टाकून बसायचं, आलं-गेलं बघायचं. मावशी घरी येऊन रडली. फाटकावरून पोरं येताना दिसतात आणि जाताना दिसतात, मधली पोरं दुसऱ्याचीच. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, जिभेने तिखट. "आवाज भिंतीला देऊन आलीस," तो म्हणाला, "आता घरी तरी चार दिवस शांतता मिळेल." मग तिचा चेहरा बघून त्याने चहा टाकला आणि म्हणाला, "अगं, वर्ष जायचंय अजून. पोरं तुला सोडून त्या डबड्याकडे जातील होय?"

तिने मनाशी ठरवून टाकलं. वर्षभर पोरं आपल्याकडेच आली की मोठ्या बाई काय करतील? अस्वलं काढून ठेवतील, दुसरं काय.

पण पोरं गेली. महिन्याभरातच. कुणी तिचं बोट धरेना. सरळ आत जायची, बसायची, अस्वलाशी बोलायची. ती स्टुलावरून मांजरीची गोष्ट सांगायला लागली की आतून वाटाणा ओरडायचा, "गप्प ना! मावशी काय म्हणते ऐकू येत नाही!" सुरुवातीला ती हसली. तिसऱ्यांदा तिला हसू आलं नाही. मुंगी तर सगळ्यांत आज्ञाधारक. डोळे हिरवे झाल्याशिवाय बोटभर हलायची नाही.

आणि शाळा सुटल्यावरची गोष्ट वेगळीच होती. फरशी पुसताना, आत चिटपाखरू नसताना, मागून आवाज यायचा, "अजून बस बाळा, घाई नाही." तिचाच. अगदी मायेचा. पहिल्यांदा तिच्या हातून बादली सुटली. वळून बघते तर रिकाम्या सीटसमोर पिवळे डोळे पेटलेले. तिने मशीनवाल्याला फोन लावला. ओल लागली की सेन्सर अडकतो, तो म्हणाला, मग ते उगाच बोलत राहतं. दोन-तीन महिन्यांत येऊन बघतो, तोवर लक्ष देऊ नका.

लक्ष न देणं म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, जन्मभर तिने लक्ष देण्यावाचून दुसरं काही केलंच नव्हतं. पण रोज रोज आपल्याच आवाजाला किती दचकणार? हळूहळू शिकली. "बडबडतंय मेलं," म्हणायची आणि फडका पिळायची.

एकदा नवऱ्याची दाढ दुखत होती म्हणून ती त्याच्याबरोबर दातांच्या डॉक्टरांकडे गेली. बाकावर बसली होती, तेवढ्यात आतल्या बंद दारामागून ती स्वतःच म्हणाली, "शाब्बास! झालं. आता पाणी टाक." नवऱ्याने गाल धरलेला हात खाली घेतला. दार उघडून एक अनोळखी मुलगा आला, त्याचे हात ओले, आणि त्याच्यामागे भिंतीवर तसंच निळं अस्वल.

"पुसलेस का रे हात?" सवयीने तिच्या तोंडून गेलं.

मुलगा जागच्या जागी थिजला. तिच्या ओठांकडे बघत राहिला आणि मग किंचाळत बापाच्या मांडीवर चढला, ते शेवटपर्यंत उतरला नाही. घरी जाताना नवऱ्याने एकही विनोद केला नाही. मावशीला रात्री जेवण गेलं नाही. आपण किती दारांमागे असू, हा एकच विचार डोक्यात.

त्यानंतरच्या शनिवारची ही गोष्ट. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. मुंगीची आई कामावरून यायची एक वाजता, तोवर मुंगी व्हरांड्यात चित्रं काढत बसायची आणि नजर मावशीने ठेवायची. त्या दिवशी मावशीने तिला बसवलं, खडू दिले आणि वर्ग झाडायला घेतले. एक वर्ग, दुसरा वर्ग. बाथरूमकडून आवाज येत होता, "अजून बस बाळा, घाई नाही." थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा. "बडबडतंय मेलं," मावशी म्हणाली. व्हरांड्यात मुंगीचं दप्तर दिसत होतं. तिने बाकं उलटी करून ठेवली, फळे पुसले, खिडक्या लावल्या. पाऊण तास झाला असेल.

एक वाजता मुंगीची आई आली. दप्तर तिथेच होतं, खडू तिथेच होते, कागदावर अर्धं घर काढलेलं होतं.

"मावशी, कुठे आहे ही?"

मावशीने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी लांबून तिचा आवाज आला, "अजून बस बाळा."

आई वर्गांकडे धावली. मावशी बाथरूमकडे. इतक्या वर्षांत ती या वाटेने कधी पळाली नव्हती.

मुंगी सीटवर बसलेली होती. पाठ ताठ, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेल्या, पाय गारठून निळसर. अस्वलाचे पिवळे डोळे तिच्या तोंडावर. ती रडत नव्हती. त्याचीच मावशीला जास्त भीती वाटली.

"मुंगे! अगं ऊठ, ऊठ बाळा."

"मी केली कधीच," मुंगी हळूच म्हणाली. "पण मावशी म्हणते अजून बस."

"अगं मीच मावशी ना!"

मुंगीने तिच्याकडे पाहिलं. घरी आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं, नीट आणि लांबून. मग बोट वर करून दाखवलं. "मावशी तिथे आहे."

"अजून बस बाळा, घाई नाही," भिंत म्हणाली.

मावशीने तिच्या काखेत हात घालून उचलायला घेतलं तशी पोरगी जिवाच्या आकांताने ओरडली, "लाल होईल! लाल होईल!" आणि सीटला मिठी मारून बसली. एवढ्या वर्षांत मावशीने एकाही पोराला ओढून उठवलं नव्हतं. तिचे हात आपोआप सुटले. ती बाहेर गेली आणि बोर्डावरचा खटका खाली पाडला. पिवळे डोळे विझले. अंधुक उजेडात मुंगी तशीच बसून राहिली.

"बघ, बंद झालं. आता काही लाल होत नाही. नाही होत ना, मग ऊठ, नंतर बघू."

"मावशी असं नाही म्हणत," मुंगी म्हणाली. तिचे दात वाजत होते.

मावशी तशीच उभी राहिली. आपलं सगळ्यांत जुनं, सगळ्यांत खरं वाक्य पोरीने खोटं ठरवलं होतं. दूर कुठेतरी आई वर्गांची दारं आपटत नाव घेऊन हाका मारत होती. मावशीला कळलं की आता एकच उपाय आहे आणि तो तिला करायचा नव्हता. पण पोरीच्या पायांकडे बघून ती मागे सरकली, दाराआड गेली, भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी सामानाच्या खोलीत बसली होती तशी. आणि डोळे मिटून, नाव न घेता, प्रत्येक शब्द होता तसाच म्हणाली,

"शाब्बास! झालं. आता पाणी टाक."

क्षणभर काहीच नाही. मग पाण्याचा लोट. मग लटपटती पावलं.

"साबण लाव," मावशी भिंतीला म्हणाली. "वीसपर्यंत मोज, बाळा."

नळ सुटला. मुंगी मोजायला लागली. सतराला अडखळली, तेव्हा मावशीच्या ओठांवर अठरा आलं होतं. पण अस्वल आकडे सांगत नसे, म्हणून तिने ओठ दातांखाली दाबले आणि डोळ्यांतून पाणी गळू दिलं. पोरीने आपलं आपणच अठरा शोधलं. वीस झाल्यावर नळ बंद झाला.

तेवढ्यात आई दारात आली. तिने मुंगीला उचलून छातीशी धरलं, तिचे पाय चोळले, पुन्हा धरलं.

"इतका वेळ एकटीच होतीस? मावशी नव्हती का इथे?"

"होती ना," मुंगी म्हणाली. "ती शाब्बास पण म्हणाली."

"मग गेली कुठे?" आईला दाराखालून चपला दिसल्या. "आणि हे दाराआड कोण आहे?"

"ती कुणीतरी बाई आहे. मला ओढत होती."

आईने दार बाजूला केलं.

"अगं मुंगे," मावशी म्हणाली, आणि मुंगीने हसून विझलेल्या अस्वलाकडे पाहिलं.