धक्क्याची मोटार

भवानी पेठेतला एक तेलाचा व्यापारी रोज सकाळी आपली म्हातारी मोटार बाहेर काढी आणि आम्ही शेजारीपाजारी तिला धक्का देत असू. एकदा तिच्या आत नवं चकचकीत स्टार्टर-बटण बसवलेलं मला दिसलं. मी विचारलं, तेव्हा टोपी सारखी करत तो हळूच म्हणाला, "दाबलं की चालू होती. पन रोज येनाऱ्या मानसांना एकदम नगं कसं म्हनायचं?"

दुसऱ्या दिवशी धक्का देताना शेजारचा गवळी माझ्या कानाशी लागला. "त्यानं बटन बसवलंय. समद्यांना ठाव हाय. पन बोलू नका, बिचाऱ्याला वाईट वाटंल."

इंजिन केव्हाच सुरू झालं होतं. तरी आम्ही कुंथत कुंथत पेठेच्या टोकापर्यंत पळालो.