गोल बसच्या काकू

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझं पोट फुटेल. मी गोल बसमध्ये बसलेय, अंगठे धडाधड चालू आहेत, चुका माफ करा.

“ज्याचं तिकीट त्यानं काढाचं!” बसमध्ये चढल्या चढल्या काकूंचं हे पहिलं वाक्य. सोबत कोणीही असो, सख्खी नात असली तरी.

आमच्या गल्लीतल्या काकू. अमरावतीत राजकमल चौकातून निघून राजापेठ, दस्तुरनगर, पंचवटी, इर्विन करत पुन्हा राजकमलला येणारी बस आहे ना, तिच्यात त्या रोज दुपारी बसायच्या आणि कुठंच उतरायच्या नाहीत. गुडघे दुखायचे, म्हणून डॉक्टरनं फिरायला सांगितलेलं. “मंग? फिरूनच तं रायलो मी,” म्हणायच्या. “पुरं शहर फिरतो रोज. डॉक्टर फिरते काय एवढा?”

पण खरं काम वेगळंच. काकू बसमध्ये लग्नं जमवायच्या!

मुलगी बघायला घरी येतात तेव्हा आमच्याकडे काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. जीपमधून आठ माणसं उतरणार, अख्खी गल्ली दारात उभी, पोहे संपणार, आणि नकार आला की तोही गल्लीला आधी कळणार. काकूंना याचा भयंकर राग. “पोरगी आहे का निखाऱ्यावरचा रोडगा व? उलटूनपालटून पायतेत मेले!”

म्हणून त्यांची ही पद्धत. मुलगा-मुलगी गोल बसमध्ये शेजारी, काकू मागच्या सीटवर. एक राउंड बोलायचं. राजकमल आलं की ज्याला नको त्यानं उतरून जायचं. कारण विचारायचं नाही. ज्याला पुढे बोलायचंय त्यानं आपलं आपण दुसऱ्या राउंडचं तिकीट काढायचं. दुसऱ्याचं काढलेलं चालायचं नाही. “भिडेपायी हो म्हनाव लागते मंग त्याले.”

आता माझ्या ताईचं ऐका. घरी पाच वेळा बघून झालं होतं. पाचव्या वेळी मुलाच्या आत्यानं तिला हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवायला लावलं. ताई चालली. चालत चालत थेट स्वयंपाकघरात गेली आणि बाहेरच आली नाही. मग काकू आल्या. ताई म्हणाली, ठीक आहे, बसमध्ये बसते, पण हे शेवटचं. नाही जमलं तर माझ्या लग्नाचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. बसच्या दिवशी आई जेवलीच नाही.

मुलगा अकोल्याचा. पाचच्या गोल बसमध्ये ये म्हणून सांगितलेलं. आम्ही तिघी चढलो, बस सुटली, ताईच्या शेजारची सीट रिकामी! काकूंनी फोन लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

“बापू, कुठी आहेस तू?”

“बसमधी, काकू. तुमी कुठी?”

“बसमधी! कोन्या बसमधी बसला?”

“गोल.”

“खिडकीतून काय दिसून रायलं?”

“इर्विन चौक.”

काकूंनी कपाळावर हात मारला. अहो, गोल बस दोन असतात! एक सुलटी, एक उलटी. आम्हाला हे इतकं पाठ, की अकोल्याच्या माणसाला सांगायचं कोणाला सुचलंच नाही.

“पन गोलच आहे ना काकू,” तिकडून आवाज आला, “भेटूच कुठीतरी.”

ताई ताडकन उठली. “मी दस्तुरनगरला उतरते.”

काकूंनी तिला अडवलं नाही. “उतर व माय, तुह्यी मर्जी. पन पंचवटीले दोनी गाड्या समोरासमोर येतेत. येडं दिसते कसं, ते तं पाहून घे.”

ताई बसली. स्पीकरमुळे एव्हाना सगळ्या बसला सगळं कळलेलं.

पंचवटीच्या सिग्नलला उलटी बस दिसली. तिच्यातून निळ्या शर्टातला एक मुलगा पेढ्यांचा डबा छातीशी धरून उडी मारून उतरला आणि ऑटोवाल्यांच्या शिव्या खात पळत सुटला. तेवढ्यात आमचा सिग्नल हिरवा! “ब्रेक मार ना बे!” पुढचे एक आजोबा ड्रायव्हरवर ओरडले. कंडक्टरनं घंटी मारली. मुलगा चढला, डबा काकूंच्या हातात दिला आणि इतकी धाप लागलेली की सरळ आजोबांच्याच शेजारी बसला.

“माह्यं लगन झालं आहे बापू,” आजोबा म्हणाले. “तिकडं बस.”

ताई हसली! डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “जरा चालून दाखवा बरं.”

आणि तो उठला हो! चालत्या बसमध्ये, दांड्याला लटकत, दारापर्यंत गेला आणि परत आला. एक प्रश्न नाही विचारला. मग ताईनं त्याला त्या आत्याची गोष्ट सांगितली. बसमधले सगळे हसले, तो नाही हसला.

अर्धाच राउंड मिळाला त्यांना. राजकमल आलं. कंडक्टर समोर उभा. मी ताईकडे बघणंच बंद केलं.

“एक द्या,” ताई म्हणाली.

मुलगा खिडकीतून वाकून बाहेर बघायला लागला. काकूंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

“ही बस फिरून इथंच येते ना?” त्यानं कंडक्टरला विचारलं. “नक्की?”

“येते रे बापू.”

“मंग मलेबी एक.”

आजोबांनी शिट्टी मारली, खरंच! आणि काकू, ज्या कधी उतरायच्या नाहीत, त्या मला ओढत खाली उतरल्या. “चाल व, आपलं काय काम आता.” स्टॉपवर उभं राहून आम्ही चार पेढे खाल्ले. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं. “हे तुह्या मायले दे. उपाशी असंन ते.”

ताई आता अकोल्यात. आणि मागच्या महिन्यात काकूही अकोल्याला मुलाकडे गेल्या, कायमच्या. ताईकडे येऊन तक्रार करतात, “तुह्या गावची बस जाते न् येते, गोल फिरतच नाही. लोकायचं बोलनं अर्ध्यातच तुटते.”

आणि आज, म्हणजे आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, राजकमलला एक बाई आपल्या मुलीला घेऊन चढली. “त्या काकू कुठी बसतेत?” तिनं कंडक्टरला विचारलं. “गेल्या त्या अकोल्याले,” तो म्हणाला. मुलीनं नवा ड्रेस घातला होता. “राहू दे मंग आई,” म्हणाली, आणि दोघी उतरून गेल्या. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तोवर बस सुटली.

तुमच्या घरात झालंय का हो असं? म्हणजे कोणी उलट्या बसमध्ये चढलं आणि तरी जमलं, असं? सांगा ना!